भिंतीमागची झळ

काल रस्त्यात एका एसीची गरम हवा तोंडावर आली आणि नाशिकचं जुनं ऑफिस आठवलं. मी तिथे नवा कारकून होतो. भिंत फोडून साहेबांच्या खोलीत एसी बसवला, त्याच आठवड्यात तात्या, माझे वडील, सायखेड्याहून आले. गार हवा बघायला आले असतील, असं मला तेव्हा वाटलं. त्यांना साहेबांच्या खोलीत न्यायची हिंमत नव्हती. थोडा गारवा बाहेरही येत असेल, म्हणून त्यांना मागच्या भिंतीशी उभं केलं. झळ लागताच ते मागे सरले. मी ओशाळलो.

“आतली गरमी बाहेर टाकतंय व्हय?” टोपीने वारा घेत तात्या हसले. “तू आतच बसतो ना?”

“नाही, तिथे साहेब बसतात. मी अलीकडच्या खोलीत, पंख्याखाली.”

“मग बास. तू उन्हात नाय ना, तेवढंच बघाया आलतो.”