सूर्यासाठी शिवलेली टोपी

मास्तर म्हणजे आमच्या पोस्टाला लागून दुकान असलेले शिंपी. दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, कापायचं एक टेबल आणि मागच्या दारातून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. मी बत्तीस वर्षं शेजारच्या खिडकीमागे तिकिटं विकली, म्हणून ते मला 'तिकीट' म्हणतात. मी त्यांना अहो-जाहो करतो आणि ते मला अरे-तुरे, पण आमचं वय सारखंच आहे.

निवृत्त झाल्यावर मी दुपारी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो. घरी कुणी नव्हतं, आणि तिथे कुणी 'का आलास' असं विचारत नव्हतं. मास्तरांना तेव्हा आकाशाचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. कुठल्याशा कोटाच्या खिशात विसरलेलं एक मासिक त्यांना सापडलं, त्यात एका दीर्घिकेचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की तो एका डॉक्टरने आपल्या गच्चीवरून काढला. मास्तर म्हणाले, "गच्ची तर मलाही आहे."

तीन वर्षं नुसती दुर्बीण निवडण्यात गेली. माहितीपत्रकं इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझं. मी वाचून मराठीत सांगायचो आणि ते मशीन चालवत ऐकायचे. त्यांच्या मनात बादलीएवढ्या तोंडाची एक जाडजूड नळी भरली होती. शेवटी आम्ही दोघं दुर्बिणवाल्याकडे गेलो.

त्याने विचारलं, "बघायचंय की फोटो काढायचेत?"

"फोटो," मास्तर म्हणाले.

"मग नळी विसरा. आधी पाय घ्या. सगळी ऐपत पायांत घाला. उरेल त्यात नळी."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, "बरोबर बोलला तो. मशीन कितीही भारी असू दे, टेबल डुगडुगलं की टाका वाकडाच पडणार." मग त्यांनी जड तिपाई घेतली, तिच्यावर आकाशाबरोबर हळूहळू फिरणारी मोटरची बैठक, आणि त्या सगळ्यावर हातभर लांबीची एक बारीक दुर्बीण. कॅमेरा कुणीतरी वापरून टाकलेला, जुना.

वहिनी, मास्तरांच्या पत्नी, बघायला आल्या. "एवढा हत्तीसारखा सांगाडा, आणि वर हे लाटणं?"

"लाटण्यानेच पोळी गोल होते," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कधी लाटलीय?"

रात्रीचं मात्र जमेना. चारी बाजूंनी रस्त्याचे दिवे, आणि दिवसभर सुईवर डोळे रोखून बसलेला माणूस दुर्बिणीपाशी पेंगायचा. महिन्याभराने त्यांनीच तोड काढली. एक ते दोन दुकान बंद असतं आणि सूर्य बरोबर डोक्यावर. सूर्याचेच फोटो काढायचे. रोज एक. त्याच्यावरचे काळे डाग रोज थोडे सरकतात, एका कडेने मागे जातात आणि दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या कडेने परत येतात, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. "जन्मभर गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरचे डाग बघितले," मास्तर म्हणाले. "आता जरा मोठ्या गिऱ्हाइकाचे बघू."

सूर्याकडे दुर्बीण रोखायची तर तिच्या तोंडावर एक खास चंदेरी पडदा लावावा लागतो. तो जवळजवळ सगळा प्रकाश अडवतो. दुर्बिणवाल्याने त्याचा घडी न केलेला एक ताव दिला, बिस्किटाच्या चांदीपेक्षाही पातळ, आणि सांगितलं की याची चौकट तुमची तुम्ही करून घ्या, कागदात सगळं लिहिलंय.

मास्तरांनी तो कागद मला देण्याआधीच रात्रीतून टोपी शिवली. जाड काळं कापड, आतून अस्तर, कडेला इलॅस्टिक आणि मध्ये गोल चंदेरी पडदा, काळ्या दोऱ्याने शिवलेला. इतके बारीक टाके मी त्यांच्या हातूनही क्वचितच पाहिले होते. वहिनी आल्यागेल्याला टोपी दाखवत होत्या. "सूर्याचं माप घेतलंय यांनी," असं म्हणून हसत होत्या. मलाही दाखवली. मी म्हणालो, "सुंदर."

मग मास्तरांनी तो कागद माझ्या हातात दिला. "वाच. कुठे चुकलंय का बघू."

मी वाचू लागलो. सुरकुत्या पडल्या तरी चालतील, ताणून बसवू नका, वाऱ्याने निघणार नाही असं बघा. पुढची ओळ होती: पडद्याला कुठेही छिद्र पाडू नये, छिद्र पडलेला पडदा वापरू नये.

मी थांबलो. चष्मा काढून पुसला. वहिनी टोपी हातात घेऊन उभ्या होत्या आणि मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. आत्ताच तर मी सुंदर म्हणालो होतो. मनात म्हटलं, दोरा भोक भरतोच की. काळा दोरा आहे. शिवाय मला त्यातलं काय कळतं? मी ती ओळ सोडून पुढची वाचली.

बत्तीस वर्षं मी तिकिटं फाडली. ओळीने भोकं पाडलेला कागद कसा फाटतो आणि कुठे फाटतो हे या गल्लीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

पहिले दिवस छान गेले. दुर्बीण, ऊन अडवायला कॅमेऱ्यावर टाकलेली काळी खोळ, खोळीत मास्तरांचं डोकं, आणि शेजारी स्टुलावर वही घेऊन मी, वेळ लिहायला. जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर खोळीतही नीट काही दिसायचं नाही, म्हणून मास्तर त्याच्या छोट्या खिडकीला उजवा डोळा लावून चित्र स्पष्ट करायचे. सूर्याच्या मधोमध एक ठळक डाग होता. मास्तरांनी त्याचं नाव 'बटण' ठेवलं. सातव्या दिवशी बटण कडेला गेलं आणि आठव्या दिवशी दिसेनासं झालं. "गेलं काजात," ते म्हणाले.

फोटो जरा धुकट येत होते. मास्तर जुन्या कॅमेऱ्याला दोष देत होते. त्या बारीक भोकांमधून ऊन आत शिरत असेल असं मला वाटत होतं. टोपी थोडी सैल होती, शिलाईची रेषा भिंगाच्या कडेच्या आत येत होती. मी ते रोज बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वहीत वेळ लिहून घरी जायचो.

एकविसाव्या दिवशी बटण परत यायचं होतं. मास्तर सकाळपासून आनंदात होते. "लेक माहेरी येतेय जणू," वहिनी म्हणाल्या.

वारा होता. दोरीवरचा एक शर्ट फडफडत होता. मास्तर खोळीत शिरले. "कडेला काहीतरी आहे," ते म्हणाले. "थांब, स्पष्ट करतो."

तेवढ्यात तो आवाज आला. फार बारीक. काउंटरवर तावातून तिकिटांची ओळ वेगळी करताना येतो ना, तसाच. मी वर बघितलं. पडदा शिलाईवरून अर्धा सुटून लोंबत होता.

मी "मास्तर" म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच, हळू. माझा आवाज मोठा निघत नाही. तोवर त्यांनी स्वतःच डोकं मागे घेतलं होतं.

"काय झालं?"

"पडदा फाटला."

"हां, उजेड लागला जरा," ते म्हणाले. खाली जाऊन त्यांनी संध्याकाळपर्यंत दोन पँटी पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. यापूर्वी कधी माझ्या घरी आले नव्हते. डावा डोळा तळव्याने झाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिकीट, तुला नाक आहे ना रे? मला दिसत नाही."

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की डोळा आतून भाजला आहे, बरोबर मधोमध. काही महिन्यांत थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. औषध असं काही नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी पाणी आणायला गेल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "बटण परत आलं बघ. आता जिथे बघतो तिथे तेच."

मी हसलो नाही. ते थोडं हसले.

सहा महिने झाले. डाग थोडा फिकट झालाय म्हणतात, पण आहे. पँटी होतात. कोट घेणं त्यांनी बंद केलं. काजं वहिनी करतात, आणि ती बघून मास्तर मान फिरवतात. सुईत दोरा ओवताना त्यांचा हात सुईच्या बाजूने जातो, पुन्हा जातो, मग ते सुई खाली ठेवून खिडकीबाहेर काहीतरी असल्यासारखं बघत बसतात. मी हे सगळं रोज स्टुलावर बसून पाहत होतो आणि तो कागद माझ्या खिशात होता.

गेल्या महिन्यात मास्तरांनी कपाटातून उरलेला चंदेरी ताव काढला. वहिनींच्या हातचं मशीन थांबलं.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या.

"डोळा नाही लावणार. कॅमेरा दुसरा बघू, तारेवरून खोलीत चित्र दाखवणारा. दुर्बिणवाला म्हणाला, मिळतो. तिकीट, तो कागद कुठंय?"

मी खिशातून काढला. घड्यांवर तो झिजला होता. मी पहिल्यापासून वाचला आणि या वेळी ती ओळही वाचली. मग म्हणालो, "ही मी तेव्हा वाचली नव्हती. दिसली होती. वाचली नाही."

"का?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही टोपी हातात घेऊन उभ्या होतात," मी म्हणालो. दुसरं खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

त्या उठून आत गेल्या.

मास्तर बराच वेळ कात्रीची धार अंगठ्यावरून फिरवत होते. "तू थांबला होतास," ते म्हणाले. "आठवतंय मला. मला वाटलं, चष्मा पुसतोयस."

"पुसतच होतो."

"वाचली असतीस तर ऐकलं असतं का मी?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. थोड्या वेळाने म्हणाले, "ऐकलं असतं. शिवलेलं उसवायला मला कधी कमीपणा वाटला नाही."

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "उद्या ये. पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन ये. टोपी तू करायचीस. कागद मोठ्याने वाचत करायचीस."

ती टोपी मी केली. वेडीवाकडी आहे, पण एकही भोक नाही. मी रोज ती दिव्यासमोर धरून बघतो. नवा कॅमेरा अजून मिळालेला नाही, म्हणून ती कपाटावर पडून आहे. सकाळी दुकान उघडलं की मी दहा सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवतो, मास्तर त्या दिवसभर वापरतात. वहिनी समोरच बसतात. आधी त्या मला भाऊजी म्हणायच्या. आता काहीच म्हणत नाहीत.