पहिला ताण शेठचा

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या बाजूला आता पिकांपेक्षा कुंपणं जास्त झालीत. मुंबईची, ठाण्याची माणसं येतात, डोंगराखाली दहा-वीस गुंठे घेतात, आणि घर बांधायच्या आधी, झाड लावायच्या आधी, बोअरला पाणी लागतंय का हे बघायच्याही आधी चारी बाजूंनी काटेरी तार मारून घेतात. जागेत चोरण्यासारखं गवताशिवाय काही नसतं, पण तार हवी. ही तार मारणाऱ्यांत घट्ट हात कुणाचा, असं विचारलंत तर आज गावात कुणीही ठमाबाईचं नाव सांगेल. पन्नाशीची काटकुळी बाई, लुगडं वर खोचलेलं, पायात नवऱ्याचे जुने बूट. तिनं ताणलेली तार दोन पावसाळे गेले तरी सैल पडत नाही.

पण ठमाबाई या कामात हौसेनं आलेली नाही. ती आली ती डूख धरून. डूख नागानंच धरावा असा काही कायदा नाही.

तार ताणायचं एक हत्यार असतं, त्याला कामावरची माणसं पुलर म्हणतात. एका टोकाला साखळी, ती कोपऱ्याच्या सिमेंटच्या पोलाला अडकवायची. दुसऱ्या टोकाला जबडा, त्यात तार पकडायची. मध्ये दातेरी चाक आणि लांब दांडा. दांडा मारला की चाक एकेक दात पुढं सरकतं आणि तार ताणत जाते. चाक उलटं फिरू नये म्हणून त्यात बोटाएवढा लोखंडी तुकडा बसवलेला असतो. त्याला खटका म्हणतात, आणि सगळी भिस्त त्या खटक्यावर. तो सुटला तर दांडा गरकन मागं येतो आणि पुढ्यात जे असेल ते फोडतो.

तीन वर्षांपूर्वी तो ठमाबाईच्या नवऱ्याच्या, काशिरामच्या तोंडावर आला. उजवा डोळा जागच्या जागी गेला, गालाचं हाड आत खचलं.

काशिराम हरेशकडे कामाला होता. हरेश गावातलाच, भावकीतला, काशिरामहून बारा वर्षांनी लहान. कुंपणांची कामं घेता घेता हरेशचा हरेशशेठ झाला. महिनाभर काशिराम त्याला सांगत होता की खटका झिजलाय, दात धरत नाही, नवा पुलर आण. शेवटी हरेशनं काय केलं, तर पनवेलच्या रस्त्यावर एका वेल्डिंगवाल्याकडून त्या खटक्यावर लोखंडाचा एक थेंब टाकून आणला आणि म्हणाला, "घे दादा, नव्यासारका झाला." चौथ्या दिवशी तो थेंब निघाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठमाबाईनं नशिबाला शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसली असती. पण काशिराम अजून आत ऑपरेशनच्या टेबलावर होता, आणि बाहेर दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून हरेश गावकऱ्यांना सांगत होता, "काय करनार? सकालीच लावून आलेला. मी बोललो व्हतो, दादा, आज हत्याराला हात लावू नको."

ठमाबाई पाच हातांवर उभी होती. तिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि त्याचा राग तिला हरेशइतकाच स्वतःचाही आला.

आता हे खोटं किती मोठं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. काशिरामनं अकरा वर्षं दारूला स्पर्श केला नव्हता. गावात दर गुरुवारी बैठक भरते. पुरुष पांढरे कपडे घालून रांगेनं बसतात, निरूपण ऐकतात. जो बैठकीला बसतो, त्याची दारू सुटलेली असते, असं गाव धरून चालतं. काशिराम तिथे दुसऱ्या रांगेत बसायचा. पट्टी सोडून तो पुन्हा गेला, तेव्हा त्याला कुणी येऊ नको म्हटलं नाही. फक्त शेजारच्या काळूरामनं, तोही तारेच्याच कामावरचा, हळूच विचारलं, "परत चालू केलीस काय रे काशी?" काशिराम त्या दिवशी शेवटपर्यंत बसला. पुढच्या गुरुवारी त्याचे कपडे खुंटीवरच राहिले. त्यानंतर ते तिथून हलले नाहीत.

वर दवाखान्याचा सगळा खर्च हरेशनंच केला होता. त्यामुळे गावाच्या लेखी तो दिलदार ठरला आणि काशिराम बेवडा. डोळा घालवून वर नावही घालवलं, आणि उपकाराची टोपीसुद्धा स्वतःच्याच डोक्यावर घालून घेतली! असल्या माणसाला काय म्हणावं?

अपघाताच्या जागी पडलेला पुलर ठमाबाईनं गोणपाटात गुंडाळून घरी आणला. तो कुणालाही ओळखू यावा असा होता, कारण त्याचा मूळ दांडा कधीच तुटला होता आणि काशिरामनं त्याला जुन्या सायकलीचा निळा नळा बसवला होता. मग दोन महिन्यांनी ती हरेशच्याच दारात जाऊन उभी राहिली आणि काम मागितलं. हरेशला बरंच वाटलं. बाई कामावर आली म्हणजे मनात काही नाही. गावातल्या बायका मात्र म्हणाल्या, हिला नाक आहे की नाही? ठमाबाईनं तेही गिळलं.

तीन वर्षं तिनं खड्डे खणले, पोल उचलले, काटे हातात मोडून घेतले, आणि बघत बघत तार ताणायला शिकली. इतकी, की हरेश नंतर हत्यारांची पेटी तिच्याच ताब्यात देऊ लागला. "वयनी हाय ना, मना बघायची गरज नाय," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. ती पदर नीट करायची आणि मनातल्या मनात त्याचा डोळा फोडायची. रोज. कधी उजवा, कधी डावा.

मधल्या काळात तिनं दोन गोष्टी केल्या. जुन्या पुलरमधला तो झिजका खटका काढून डब्यात ठेवला. आणि पनवेलच्या एका लेथवाल्याकडून अगदी त्याच मापाचा नवा, पोलादी खटका कापून आणला. कोणता कशासाठी, ते तिनं काशिरामला सांगितलं नाही. त्यानं दोन्ही बघितले होते. तो एवढंच म्हणाला, "सोड ना आता." ती म्हणाली, "तू सोड. तू सोडून सोडूनच हा हाल झाला."

संधी चालून आली ती एका चालीमुळे. नव्या जागेची पहिली तार ओढताना या भागात कोपऱ्याच्या पोलाला हळदकुंकू लावतात, पुलरला हार घालतात, नारळ फोडतात, आणि पहिला ताण कंत्राटदार स्वतःच्या हातानं देतो. पहिला ताण शेठचा, मग कामगारांचा हात. पुलर लावून, सजवून ठेवायचं काम अर्थातच ठमाबाईचं.

यंदाच्या माघात ऐरोलीच्या अविनाश आणि कुमुद या जोडप्याच्या जागेचं काम निघालं. दोघंही बँकेतून निवृत्त, नवी जागा, चेहऱ्यावर नवं लग्न झाल्यासारखी लगबग. सकाळी नऊला सगळे जमले. आठ कामगार, त्यात काळूराम. ठमाबाईनं पुलर लावून ठेवला होता. त्याला झेंडूचा घसघशीत हार, दांड्याला वरपासून खालपर्यंत लाल कापड. तारेतली ढील तिनं आधीच काढून ठेवली होती. आता चार-पाच दात ओढले की तार करकचून ताठ होणार होती.

नारळ फुटला. कुमुदताईंनी मोबाइल वर धरला. "हं, करा सुरू. मी शूट करतेय, फॅमिली ग्रुपवर टाकायचंय."

हरेशनं हसत दांडा धरला आणि कॅमेऱ्याकडे बघत ओढला. एक. दोन. तीन. चौथ्या दाताला तार ताठ झाली, पोल किंचित कुरकुरला. हरेशचं तोंड दांड्यापासून हातभर अंतरावर होतं.

ठमाबाई पुढं झाली आणि तिनं दांड्यावरचं लाल कापड ओढून काढलं. आत निळा नळा होता.

"वळखलास?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तोच हाय. खटका पन तोच हाय."

हरेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. हात सोडावा तर खटका सुटून दांडा थोबाडावर येणार, आणि ओढावा तर आणखी ताण. तो दोन्ही हातांनी नळा आवळून उभा राहिला.

"वढ ना," ठमाबाई म्हणाली. "हत्यार चांगला व्हता, काशी प्यायलेला व्हता, असा तूच बोललास ना? मग तुना कशाला भ्यायचा? तू तर नाय प्यायलास. वढ अजून दोन दात."

"वयनी, मस्करी करू नको. धर, हात लाव."

"नाय लावत."

अविनाशराव पुढं आले. "हरेश, काय प्रॉब्लेम आहे? आणि हे सेफ आहे ना?"

"साहेब, मागं व्हा!" हरेश ओरडला. घाम त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काळूराम मदतीला सरकला, तसा ठमाबाईनं आडवा हात धरला.

"सांग पयला. त्या दिवशी काशी प्यायलेला व्हता का?"

"वयनी, पाया परतो..."

"व्हता का?"

"नव्हता!" हरेशचा आवाज फाटला. "नव्हता प्यायला! खटका गेलेला. मना म्हाईत व्हता, मीच वेल्डिंग मारून दिलेला. आता धर गो, सुटेल तो!"

कुमुदताईंचा मोबाइल अजून वरच होता. काळूरामनं मान खाली घातली.

ठमाबाईनं दांड्याला एक बोट लावलं. एकच. "सोड आता."

हरेश सोडेना. तिनं त्याची बोटं एकेक करून उलगडली. दांडा जागचा तसूभरही हलला नाही. मग तिनं कनवटीतून एक झिजलेला लोखंडी तुकडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुजा. आतला नवा हाय, लेथवरचा."

हरेश तो तुकडा बघत राहिला. मग तो मुठीत धरून गाडीकडे चालू लागला, आणि त्याची गाडी रस्त्याला लागली.

"ताई," ठमाबाई कुमुदताईंना म्हणाली, "तो विडिओ जरा काळूरामच्या मोबाइलवर टाका." कुमुदताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि टाकला. मग ठमाबाई, काशिराम उभा राहायचा तशी, दांड्याच्या बरोबर समोर उभी राहिली आणि राहिलेले दोन दात तिनं स्वतः ओढले. बोट मारून बघितलं. तार टणकन वाजली. काम अर्धं टाकून जायची तिला सवय नव्हती. चारही बाजू तिनं तीन दिवसांत त्याच पुलरनं पुऱ्या केल्या.

व्हिडिओ त्याच दुपारी नेऱ्यात फिरला. बायकांनी बघितला, बैठकीतल्या माणसांनी बघितला, हरेशच्या सासरीसुद्धा बघितला गेला. ठमाबाईला हे सगळं सांगायला बायका घरी येत होत्या आणि ती भाकऱ्या थापता थापता पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. तिला गोड वाटत होतं. का वाटू नये?

गुरुवारी काळूराम दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काशी, चल. तुजी जागा धरून ठेवलीय," एवढंच बोलला आणि पुढं जाऊन थांबला.

काशिरामनं खुंटीवरचे पांढरे कपडे झटकले. तीन वर्षांची धूळ उडाली. सदऱ्याची बटणं लावता लावता, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "खरा सांग. तू जुनाच खटका बसवनार व्हतीस ना?"

ठमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय. पोलापाशी जाईपर्यंत तोच हातात व्हता."

"मग?"

"तो बसवला असता तर त्याचा डोला गेला असता, आनी तो तुज्यासारका गप पडला असता. मना त्याचा डोला नको व्हता." तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. "मना त्याचा तोंड पायजे व्हता."