कळशीवरची सातेरी

अन्याय झाला तो सातेरीवर. कधी? लग्नाच्या दिवशी, मंगळसूत्र गळ्यात पडल्यावर लगेच, नवऱ्याने, माझ्या काकाने, ताटातल्या तांदळात अंगठीने 'शांता' लिहिलं त्या घडीला. आणि पुन्हा गेल्या महिन्यात, ती वारल्यावर, केरीच्या तिठ्यावर 'कै. शांता' असा बॅनर लागला तेव्हा.

ही माझी काकी. माहेर मोपाचं, सासर आमचं केरीचं. तिथल्या देवळात वारूळ आहे, तीच सातेरी देवी. तिला नवस बोलून झालेली मुलगी, म्हणून हे नाव. माहेरी ती 'तें सातेरी' होती, आमच्या बोलीत लग्नाआधीच्या मुलीला 'तें'च म्हणतात, लग्न झालं की 'ती'. एका ताटात नाव गेलं, व्याकरणही गेलं... पहिलं वर्षभर 'शांता' अशी हाक आली की ओ द्यायचं तिच्या ध्यानातच येत नसे. सासू शेजारणींना सांगायची, "भैरी सून गावली!" हे सांगताना काकी हसायची. मला हसू येत नसे.

"पण तुला कुणी विचारलं तरी?"

"माका कोण इचारता गो!"

शेवटच्या भेटीत मात्र ती हसली नाही. "मेल्यार तरी माजा नाव घाला," एवढंच म्हणाली. ती गेल्यावर मी तिच्या मुलाला, संदेशदादाला, ते सांगितलं.

"बाय, सातेरी लिवला तर कोण गेला ताच लोकांक कळूचा नाय!"

"तेच तर म्हणतेय मी!"

"अगो, सातेरी काय, शांतादुर्गा काय, एकच ना?"

असेल. वारुळातली सातेरी संस्कृतात जाऊन शांतादुर्गा झाली, असं सांगतात. पण देवीची दोन्ही नावं राहिली, दोन्हींनी तिला गाऱ्हाणं घालतात. काकीला मात्र एक घेताना दुसरं टाकायला लावलं. मी भांडले. बॅनर तोवर छापून आला होता.

केरीच्या स्वयंपाकघरात तिची तांब्याची कळशी अजून आहे. तिच्या आईने लग्नाआधीच नाव घालून ठेवलेली. काठाखाली ठोकलेल्या ठिपक्यांत 'सातेरी'. काकी ती रोज चिंचेने घासायची, ठिपके काळे पडू द्यायची नाही. आता दादा त्याच कळशीने तुळशीला पाणी घालतो. नावावर बोटं असतात त्याची... वाचत नाही.

तुम्ही वाचा. घरातली जुनी भांडी उतरवा, काठाखालची नावं बघा, ती कुणाची ते विचारा. ती बाई जिवंत असेल तर तिला त्या नावाने हाक मारा. आणि पुढच्या लग्नात ते ताट समोर आलं, नवरीला कुणी विचारलेलं नसलं, तर हात घाला आणि तांदूळ सपाट करा.