गजूभाऊचे दहा व्होल्ट

गजूभाऊच्या दुकानात आमी तिघं बसलो की किस्से जमवा लागत नाहीत. बॅटरीच्या टोकावर पांढरी भुकटी चढते ना, तसे आपोआप चढत राहतात.

तिघं म्हणजे आदिलाबादेत इन्व्हर्टर बसवणारा गजूभाऊ, तामसीच्या शाळेत विज्ञान शिकवणारे भगत सर, अन् तहसीलात मिसली, म्हणजे फायली, सांभाळणारा मी. इलेक्ट्रॉनिक्सचं येड तिघायलेबी.

भानगड सुरू झाली कोंडबा काकांपासून. तामसीहून आले अन् गिऱ्हाइकांसमोर बोलले, "गजू, तू बसवलेल्या बॅटरीतलं पाणी लय आटते. तुह्या बापाच्या टायमाले असं नव्हतं."

गजूभाऊचं तोंड उतरलं. चार्जिंग किती व्होल्टवर ठेवाचं हे तो ज्या मीटरवर बांधते तो बापाचाच, काट्याचा. वायर लावाच्या आधी गजूभाऊ त्याच्यापुढं वाकते, डोळे मिटते. बाबा वाकत, म्हणून तोबी वाकते.

आमी एकाच बॅटरीले तिघांचे मीटर लावले. तिन्ही येगळे! सर म्हणाले, "कोण खरं बोलून राह्यलं, हे सांगाले चौथा पाहिजे."

* * *

चौथा म्हणजे व्होल्टेज रेफरन्स. नखाएवढी चिप, कायम दहा व्होल्ट देते. पण ते दहा खरंच दहा हायेत का, हे मोठ्या लॅबमदी एकदा तपासा लागते. फी ऐकून गजूभाऊ म्हणाला, "एवढ्यात तर मी लॅबच टाकतो."

शेवटी हैदराबादच्या एका लॅबमदला सरांचा शाळासोबती कामी आला. साहेबाले विचारून फुकटात पाहून देतो म्हणाला. अट एकच, तोवर चिप चालू अन् सारख्या उबेत पाहिजे.

* * *

थर्मोकोलचा डबा केला, आत बारीक हीटर लावला. डबा ठेवला वहिनीच्या, म्हणजे गजूभाऊच्या बायकोच्या, सैपाकघरात. पण रोज सांजच्याले आकडा घसरे. सरांनी आधी वायरीवर संशय घेतला, मंग हवेवर, मंग माह्यावर.

एक दिवस डबा उघडला. आत दह्याचं गाडगं!

वहिनी म्हणाल्या, "तुमीच तर रोज इचारता, ऊब हाय ना, ऊब हाय ना. मंग वाया काऊन घालवाची?"

दही मात्र सुरेख लागलं होतं. सरांनी दोन वाट्या खाल्ल्या अन् मंग रागावले.

* * *

मोजताना वाऱ्यानं आकडा हालते म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद, दार लोटलेलं, आमी तिघं मान खाली घालून गप. शेजारचा पानवाला डोकावला, पाहून चप्पल काढली, हळूच माह्याजवळ येऊन बसला.

"कधी गेले?" म्हणे.

* * *

डब्याले छोटी बॅटरी जोडली अन् सर तो मांडीवर घेऊन बसनं हैदराबादेले निघाले. डब्यावरचा लाल दिवा पाहून कंडक्टर घाबरला. सरांनी नेरडीगोंडा येईपर्यंत त्याले समजावलं की यात फक्त दहा व्होल्ट हायेत, बाकी काही नाही.

कंडक्टरनं सारं आयकून घेतलं. "क्यों सार, हैदराबाद में वोल्ट नहीं मिलता?"

* * *

डबा परत आला. दहा म्हणजे दहाच. त्याले बापाचा मीटर लावला तर काटा दहाच्या अलीकडं थांबला. मीटर कमी दाखवे, म्हणून गजूभाऊ सगळ्यांचं चार्जिंग जास्त बांधत होता, अन् जास्त चार्जिंगनं पाणी आटते. कोंडबा काका खरं बोलले होते.

गजूभाऊनं वायरी काढल्या अन् मीटर फडक्यात गुंडाळाले घेतला. मले लय वाईट वाटलं.

"थांब," सर म्हणाले.

वायरी काढल्यावरबी काटा शून्याच्या तेवढाच खाली होता. काट्याखाली त्याच्यासाठीच एक स्क्रू असते. बाबानं लावलेला म्हणून गजूभाऊनं कधी हात लावला नव्हता. अन् मोजाच्या आधी वाकून काटा शून्यावर हाय का पाहा, हे सर दरसाल नववीले शिकवतात. सरांनी कपाळाले हात लावला.

स्क्रू फिरवला. काटा शून्यावर आला, वायरी लावल्यावर बरोबर दहावर गेला. गजूभाऊनं तसंच दुकान बंद केलं अन् आमी तामसीले गेलो. कोंडबा काकांचं चार्जिंग नीट बांधलं.

"काय बिघडलं होतं?" काकांनी इचारलं.

"मीटरचं शून्य हललं होतं, काका. चूक माही. मी तर रोज बाबासारखा वाकून, डोळे मिटून मंगच मीटर लावतो."

काकांनी मीटर हातात घेऊन निरखला.

"वाके तर तुहा बापबी," ते म्हणाले. "पण तो एकच डोळा मिटे."