जिभेला चिकटणारा दगड

माझं लग्न झालं तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू व्हायला दोन-तीन वर्षं होती आणि मी सोळा वर्षांची होते. सासर नाशिकला, पंचवटीत. मामंजी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उपाध्याय. लांबून आलेल्या यजमानांची श्राद्धं आणि अस्थिविसर्जनं त्यांच्याकडे असत. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. शाळेत काचेचं एक रिकामं कपाट होतं, आणि त्यात दगड होऊन बसलेले जुन्या काळचे जीव मांडायचे असं ह्यांच्या मनाने घेतलं होतं. कपाट ह्यांचं आणि वाकायचं मी, अशी आमची वाटणी. मी रोज सकाळी धुणं घेऊन वाघाडीच्या ओढ्यावर जात असे, आणि मास्तरांनी चारचौघांत ओढ्यात खडे वेचणं बरं दिसलं नसतं.

माझ्या ते पथ्यावरच पडलं. घरात उठल्यापासून निजेपर्यंत कुणाची ना कुणाची हाक असे. ओढ्यावरचा तासभर तेवढा माझा होता.

ओढ्याचा काठ पिवळ्या मातीचा. पावसाळ्यात तो ढासळला की आतला गोट्यांचा थर उघडा पडे. चुन्यात थापल्यासारखे ते गोटे घट्ट बसलेले असत, आणि त्यांतून बारीक बारीक शंख सुटून पात्रात येत. पहिल्या आठवड्यात मी पदरभर शंख नेले. त्यांतले बहुतेक गेल्या वर्षीच मेलेल्या गोगलगायींचे निघाले. मग ह्यांनी शिकवलं, हातात जड लागतो का बघ, आतली माती दगडासारखी घट्ट झाली आहे का बघ. आणि हाडाची शंका आली तर जिभेला लावून बघ. साधा दगड जिभेवरून निसटतो, पण जुनं हाड आतून भोकाभोकांचं असतं, ते ओल ओढून घेतं आणि चिकटतं.

हे सांगून हे शाळेत गेले, आणि मी ओढ्यातलं जे दिसेल ते चाटत सुटले. पलीकडे धुणं धुणारी एक म्हातारी दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. "का गं पोरी," ती ओरडली, "घरी मीठ नाय का देत तुला?"

ह्यांच्या विद्येची परीक्षा घ्यायची खोडी मला तेव्हाच सुचली. भाकरीची एक कड मी माळ्यावर चार दिवस वाळवली, चिखलात घोळली, पुन्हा वाळवली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी ती उजेडात धरली, भिंगातून पाहिली, जिभेला लावली. ती अशी चिकटली की ह्यांचे डोळेच चमकले. "हाड! बरगडीचा तुकडा असावा," हे म्हणाले. मी तो तुकडा परत घेतला, पुसला आणि त्यांच्यासमोर कुडुम कुडुम खाल्ला. पुढे दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्यामुळे खरंखुरं हाड सापडलं तेव्हा मला ते कुणाला दाखवायचीच चोरी झाली. बोटभर लांब, भाजक्या विटेच्या रंगाचं, एका टोकाला पोळ्यासारखी बारीक भोकं. हातात जड. जिभेला लावलं तर ओढून काढावं लागलं. मी तिथेच पाण्यात उभी राहून एकटीच हसले. ते पदराच्या टोकाला बांधून घरी आले, मागच्या पडवीत धुण्याची बादली ठेवायला वाकले, आणि गाठ सुटली. टणकन आवाज करत ते सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन पडलं.

सासूबाईंनी पाहिलं आणि त्या बसल्या जागेवरून दोन हात मागे सरकल्या. "हाड! अगं, उपाध्यायाच्या घरात हाड!"

हे धावत आले. ह्यांनी ते उचललं आणि आनंदाने त्यांचं भानच सुटलं. "आई, हाडच आहे. पण त्याचा दगड झालाय."

"हाड की दगड, एक काय ते सांग," सासूबाई म्हणाल्या. "हाड असेल तर घर सारवायचं, सगळ्यांनी अंघोळी करायच्या आणि उद्यापासून हिचं ओढ्यावर जाणं बंद. धुणं इथे विहिरीवर."

विहीर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. तिथे मी कपडा किती वेळा आपटला तेही आतून मोजता आलं असतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एवढं एक खोटं बोला, असं डोळ्यांनी किती विनवलं! पण हे पडले सायन्सचे मास्तर. हे पुन्हा म्हणाले, "दोन्ही आहे."

तेवढ्यात मामंजी गंगेवरून अंघोळ, संध्या आणि एका यजमानाचं काम आटपून आले. सासूबाईंनी सगळं ऐकवलं. मामंजी माझ्याशी कधी थेट बोलत नसत. त्यांनी ह्यांना विचारलं, "हे ओळखतात कसं?"

ह्यांनी मान खाली घातली. "जिभेला लावून. हाड असलं तर चिकटतं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्हणजे ही रोज..." मामंजी आले तशी मी दाराआड झाले होते. आता ओढा तर बंदच, बहुधा माहेरीही धाडतील, असं मला वाटलं.

मामंजींनी हात पुढे केला. त्यांच्या देखत रोज कुणाकुणाच्या अस्थी गंगेवरच्या कुंडात जात, पण त्यांना हात लावायचा तो यजमानाने. मामंजींनी कधी बोट लावलं नव्हतं. आता हे हाड त्यांनी तळहातावर घेतलं, वजन पाहिलं, दारापाशी उजेडात गेले आणि शांतपणे जिभेला लावलं. सासूबाईंकडे त्यांची पाठ होती. मला मात्र दाराआडून त्यांचा चेहरा दिसत होता. जीभ सुटायला वेळ लागला. त्यांच्या भुवया वर गेल्या, मग त्यांनी ते हलकेच ओढून काढलं.

"दगड आहे," मामंजी म्हणाले.

"पण हा म्हणतो..."

"गंगेच्या पाण्यात हाड विरतं, हे मी रोज यजमानांना सांगतो. ओढाही गंगेलाच मिळतो, आणि हे विरलं नाही. म्हणजे दगड." त्यांनी ते ह्यांच्या हातावर ठेवलं. "दगडाला कसला आलाय विटाळ? सूनबाईंना म्हणावं, पानं घ्या."

हे तोंड उघडणार होते. मी दाराआडून बांगड्या जोरात वाजवल्या, तेव्हा गप्प बसले.

पानं घेतली, पण मामंजी पाटावर आले नाहीत. पंचपात्र कुंडावर राहिलं म्हणून तांब्या घेऊन बाहेर पडले. पंचपात्र देवघरात होतं, मी सकाळीच घासून ठेवलं होतं. ते परतले तेव्हा नखशिखांत ओले होते. येता येता तांब्यातलं पाणी त्यांनी पडवीत शिंपडलं, सासूबाईंवर, ह्यांच्यावर, आणि दाराकडे वळून माझ्यावरही. "दुसऱ्यांदा कसली अंघोळ?" सासूबाईंनी विचारलं. "ऊन फार आहे," ते म्हणाले. पौष महिना चालू होता.

दगडाला हात लावून कुणी अंघोळ करत नाही. यजमानांना मंत्रातला काना-मात्राही चुकू न देणारा हा माणूस माझ्या तासाभराच्या ओढ्यासाठी खोटं बोलला होता, आणि ते निस्तरायला भर थंडीत पुन्हा पाण्यात उतरून आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी घाईने तुपाची वाटी घेऊन वाढायला गेले.

सासूबाई आत भात काढत होत्या. मामंजींनी पानावरची नजर वर केली नाही. माझ्याशी ते पहिल्यांदाच थेट बोलले, तेही अगदी हळू.

"घट्ट चिकटतं हो," म्हणाले.