थिओफिलसच्या खोपीतलं भूत

थिओफिलस बायनोच्या पत्र्याच्या खोपीत भूत आहे, हे लाव्हेंटिलच्या टेकडीवर पाववालीपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पुरावाही होता. दार आतून बंद. आतून एकच सूर, टण् टण् टण्, दोन-दोन तास तोच. मग शांतता, आणि मग पुटपुट. म्हातारा मेलेल्या बायकोशी बोलतो, असं अर्धी टेकडी म्हणे. उरलेली अर्धी म्हणे, ती जिवंतपणी याच्याशी बोलत नव्हती, मेल्यावर कशाला तोंड उघडेल!

तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यात सुरांचे उंचवटे उठवायचे आणि त्याचं वाद्य करायचं, हे काम थिओफिलसने पन्नास वर्षं केलं. माणूस म्हणून मात्र तो कुणालाच नको होता. सख्खी बहीण एकदा पेलावचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. याने दार उघडेपर्यंत भात गार झाला आणि बहीण तापली. ती आजतागायत निवलेली नाही.

त्याचा सगळ्यांत जास्त राग होता मर्ल जोकिमला. मर्ल टेकडीवरच्या वाद्यवृंदाची कप्तान. अकरा वर्षांपूर्वी वृंदाच्या सरावाच्या भर अंगणात तो तिला म्हणाला होता, "तुझ्या पोरांना कान दिलेत ते टोपी अडकायला." ते मर्लने गाठीला बांधून ठेवलं होतं.

म्हणूनच यंदा मुख्य वादकांची सहा नवी वाद्यं तिने लेनक्स सीपॉलकडे दिली. लेनक्स म्हणजे गोड बोलणं, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, आणि एका वेळी तीन वृंदांचं काम. मर्लने सगळ्यांसमोर शपथही घेतली होती, "यंदा आपण स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलो नाही, तर मी वाजवायच्या काठ्या खाली ठेवीन." मर्लच्या काठ्या खाली पडायची वाट बघणारे त्या अंगणात कमी नव्हते.

आता, पोलाद कडक व्हावं म्हणून ठोकलेलं पिंप आगीवर धरावं लागतं. रंग बदलला रे बदलला की उतरवायचं, सगळा खेळ काही मिनिटांचा. लेनक्सने दोन पिंपं आगीवर ठेवली, तिसऱ्यावर हातोडा चालवला आणि फोनवर चौथ्याच कुणाशी तरी भांडत बसला. भांडण संपेस्तोवर दोन्ही पिंपं निळी पडली. पुढच्या चारांचंही त्याने तेच केलं, आणि वर रंग चढवून पाठवून दिली. पोलाद मऊ पडलेलं. सकाळी लावलेला सूर दुपारी उतरायचा.

"लेनक्स, हे वाद्य आहे की सूप ढवळायचं भांडं?"

"मर्लताई, जरा थांब हं, दुसऱ्या फोनवर..."

"दुसरा फोन गेला खड्ड्यात! एक ना धड, भाराभर चिंध्या. माझी सहाच्या सहा मारलीस तू!"

उपांत्य फेरीला पाच आठवडे उरले होते. मर्ल दात-ओठ खात टेकडी चढली आणि तिने खोपीचं दार ठोठावलं. पाऊण तासाने ते उघडलं.

"आलीस?" थिओफिलस म्हणाला. "टोप्या कशा आहेत?"

"तोंड सांभाळ, म्हाताऱ्या. सहा वाद्यं हवीत."

"चार होतील."

"सहा म्हटलं मी!"

"आणि मी चार म्हटलं. लेनक्सकडे जा, तो बारा देईल. आणि पुन्हा दार वाजवलंस तर चारची तीन होतील."

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीनच वाद्यं हाती आली होती. मर्लचं डोकं फिरलं. भर दुपारी ती पुन्हा वर गेली, शिव्या तयार ठेवूनच. दाराशी पोचली, हात उचलला आणि थबकली. चारची तीन झाली तर? मग तिने पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकाला डोळा लावला. लावला तो तासभर काढला नाही. खाली आली तेव्हा शिव्या तशाच तोंडात होत्या.

"काय दिसलं गं?" पाववालीने टोपली खाली ठेवून विचारलं. "बायकोच होती ना?"

"तुझं काम कर."

चौथं वाद्य शुक्रवारी आलं. रविवारी वृंद चारच मुख्य वाद्यांवर उभा राहिला, आणि शेवटच्या नंबरावर का होईना, अंतिम फेरीत गेला. मर्लच्या काठ्या हातातच राहिल्या. लेनक्सचे दोन वृंद घरी बसले.

थिओफिलसचे आभार कुणीच मानले नाहीत. सूर भुताने लावले, असं अंगणात ठरलं, आणि मर्लने ते खोडलं नाही. खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची स्तुती करावी लागली असती, आणि तेवढं मोठं मन टेकडीवर तरी कुणाचं नव्हतं. तिकडे म्हाताऱ्याने निरोप धाडला होता, "टोप्या बऱ्या वाजल्या."

खोपीत भूत नव्हतं. एक स्टूल, एक हातोडा आणि एकच पिंप होतं. थिओफिलस एक सूर पुरता लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नसे, आणि पुटपुटायचा ते त्याच सुराचं नाव.