वरवंटा उभा राहायला शिकला त्याची गोष्ट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शिक्षण चौथीपर्यंतच, पण अंधारात हलतंय ते दोरीवरचं लुगडं आहे एवढं कळायला चौथी पुरते. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, लोकांच्या देखत...

आम्ही मूळचे निपाणीकडचे, चाळीस वर्षं बनशंकरीत राहतो. नात मुक्ता चांगली कॉम्प्युटरची नोकरी सोडून शिल्पकला शिकली. तिचं आणि आणखी चौघांचं मिळून मल्लेश्वरममध्ये, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर प्रदर्शन लागलं. तिचं पहिलंच. माझा मुलगा सुधीर, म्हणजे तिचा बाप, इंजिनियर. त्याने आधीच सांगितलं होतं, इथे नाव झालं तर ठीक, नाहीतर परत नोकरी.

तिसऱ्या दिवशी मी सुधीरबरोबर मेट्रोने गेले. एकाने गंजलेले पत्रे पिळून ठेवले होते. एकीने मडक्यावर मडकं रचलं होतं, शिंकलं तर कोसळेल असं. आणि मुक्ताच्या चौथऱ्यावर उभा होता — माझा वरवंटा. मला न विचारता नेलेला. तो हरवला म्हणून मी महिनाभर कामवालीला बोलत होते.

हात लावायला गेले तर तिथली देखरेख करणारी बाई कानडीत म्हणाली, "अज्जी, मुट्टबेडि." हात लावू नका म्हणे. सासूबाईंनी दिलेल्या दगडाला मी पन्नास वर्षं हात लावतेय.

मुक्ताचा चेहरा उतरलेला. रोज दुपारी एकच्या सुमारास वरवंटा चौथऱ्याखाली आडवा सापडत होता. आदल्या दिवशी कसलासा भारी गोंद लावला, तरी तेच. कॅमेऱ्यात पाहिलं तर एका क्षणी उभा, पुढच्या क्षणी खाली. मधलं काही नाहीच. त्या बाईने बजावलं होतं, कुणाच्या पायावर पडला तर काय, आज पुन्हा पडला की काढून टाकणार.

सुधीर म्हणाला, मेट्रोचे हादरे. मी म्हटलं, मग ती मडकी काय मेट्रोच्या नात्यातली आहेत?

मी मडक्यांकडे बघून मान वळवली, एवढंच. वरवंटा खाली. आवाज नाही. पाच किलोचा दगड पडला तर फरशी फुटते हो... हा कुणी निजवल्यासारखा पडलेला. नशीब, ती बाई जेवायला गेली होती.

पाटीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मुक्ताला विचारलं, काय नाव ठेवलंस? म्हणाली, 'उभी स्त्री'.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला न्हाऊ घालतात, कुंची घालतात आणि बाळाआधी पाळण्यात घालतात. सुधीरच्या बारशाला हाच होता, मुक्ताच्याही.

"मुक्ते, ही बाई नाही गं. तान्हं पोर आहे. जन्मभर पाळण्यात निजलंय, उभं कसं राहील?"

"मग आडवा ठेवू?"

"ठेव की."

"आज्जी, आडवा ठेवला तर तो नुसता वरवंटा दिसेल."

हे मात्र खरं होतं. मग दुसरं काय करणार? चौथऱ्यावर उभा केला, खुर्ची ओढली आणि सुधीरला उभं राहायला शिकवलं तसं एक बोट त्याच्या पाठीला लावून बसले. जमतंय बघ, म्हणत राहिले. ती बाई परत आली, पण तोवर माझ्याभोवती गर्दी झाली होती, त्यामुळे तिने मला उठवलं नाही. लोकांना वाटलं, मीही शिल्पातलीच. एक दाढीवाला माझ्याभोवती दोनदा फिरला आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. सुधीर लांब जाऊन उभा राहिला, आई दुसऱ्या कुणाची असल्यासारखा.

चार वाजता बोट काढलं. राहिला. शेवटच्या दिवसापर्यंत गोंदाशिवाय राहिला. दाढीवाल्याने मुक्ताला आपण भरवणार असलेल्या पुढच्या प्रदर्शनात बोलावलं.

वरवंटा मी घरी आणला. पाट्यावर आडवा ठेवला, मिरच्या घेऊन वळले तर उभा. आडवा करते, पाठ फिरवते, पुन्हा उभा. सुधीर नोकरीचं बोलायचं विसरलाय, लेव्हल घेऊन ओट्याची फरशी मोजतो. फरशी सरळ आहे.

कारण मला माहीत नाही, त्यालाही नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा. तोवर ठेचा मिक्सरमध्ये करतेय... आणि त्याला चव नाही.